मामाले लिंक

नाही पण मामाले कोणी लिंक पाठवते का, तुमीच सांगा! लिंक! फोन नाही, पत्रिका नाही, "मामा, माहं लग्न आहे बरं का, तू आठ दिवस आधी ये, मंडपाचं तुह्याशिवाय कोण पाहीन" नाही... काही नाही! सकाळची वेळ, मी आपला गॅलरीत बसून चहा पिऊन राहिलो होतो, नागपूरले, हुडकेश्वरात घर आहे माहं, दोन खोल्या, एकट्या माणसाले त्या बी जास्तच होते, ते जाऊ द्या... तं मोबाइल वाजला, टिंग! मले वाटलं गुड मॉर्निंगचा फोटो असन, कारण मले दोनच गोष्टी येतात, एक गुड मॉर्निंग अन् दुसरं ते 'तुम्हाला कर्ज हवे आहे का'. पाहतो तं भूमिका! माही भाची! सख्ख्या बहिणीची पोट्टी! अन् लिहिलं काय? "हाय ऑल!" ऑल! म्हणजे मी ऑल झालो! जिले मी खांद्यावर बसवून रामटेकचा गड चढलो, तिच्यासाठी मी आता ऑल! अन् खाली निळ्या अक्षरात ते लांबलचक लिंक.

आता लग्न ठरलं हे मले माहीत होतं, हां, असं नाही. प्रेमिलानं, म्हणजे माह्या बहिणीनं, पारशिवनीवरून फोन करून सांगतलं होतं. पोट्टा पुण्याचा, पियुष नाव, भूमिकाच्याच कंपनीत आहे, चांगला आहे, साखरपुड्यात माह्या पाया पडला तवा अर्ध्यातच थांबला, पण पडला. तं सगळं मले माहीत होतं. पण मी वाट पाहून राहिलो होतो भूमिकाच्या फोनची! कारण आमचं ठरलेलंच आहे ना जी... लहानपणी राखीले प्रेमिला याची, राखी बांधाची आई अन् ओवाळणी ठरवाची पोट्टी! "मामा, मले सायकल पाहिजे." "मामा, मले ते लाइटवाले बूट पाहिजे." फ्रॉकचा रंग बी तीच सांगाची. मी म्हणाचो, अवं, राखी तुह्या आईची आहे! तं म्हणे, "मामा तं माहा आहे ना." आता सांगा, अशा पोट्टीचं लग्न, तं मामाले फोन याले पाहिजे की नाही? "मामा, मले हे पाहिजे" असं तिनं म्हणाले पाहिजे की नाही? मी तं पेन घेऊन बसलो होतो! अन् आली काय? लिंक!

बरं ते लिंक म्हणजे काय, मले काय माहीत. जिंदगी पावर प्लांटात गेली, मोठमोठ्या मशिनी चालवल्या, पण हे दाबलं तं म्हणे अकाउंट बनवा, ते दाबलं तं म्हणे ओटीपी टाका, ओटीपी टाकेपर्यंत म्हणे वेळ संपली. कोणाची संपली? माही तं रिकामीच असते! शेवटी वरच्या मजल्यावरच्या दीप्ती मॅडमले विचारलं. बँकेत आहे ती, गडबडीत असते नेहमी, एक चप्पल पायात अन् एक हातात. म्हणे, "काका, ही गिफ्ट रजिस्ट्री आहे. नवरा-नवरी आधीच टाकून ठेवतात काय पाहिजे ते. तुम्ही त्यातलं निवडायचं, पैसे भरायचे, वस्तू डायरेक्ट त्यांच्या घरी." मी म्हटलं, म्हणजे आहेर मागून घेते? "मागून नाही काका, चॉइस असते." म्हटलं, अन् मी हातानं नाही द्याचा? "गरजच नाही!" गरजच नाही म्हणे... एवढ्या आनंदानं सांगतलं तिनं, मले वाटलं आता ही म्हणन तुमाले लग्नाले जायची बी गरज नाही, डायरेक्ट पोचता तुमी.

अन् आहेराचं मले नका सांगू जी! आहेर देण्यात माहा हात धरणारा नागपूर जिल्ह्यात पैदा नाही झाला! कोणाचंबी लग्न असो, गोविंदा लांजेवार हजर, हातात भांडं, भांड्यावर नाव टाकलेलं. भाताचे गंज देले, पराती देल्या, पाण्याचे पितळेचे गुंड देले. मंग आलं ते लेमन सेट, मंग भिंतीवरच्या घड्याळी, मंग मिक्सर... प्लांटातल्या लोकांच्या पोट्ट्यांचे लग्न झाले, आता त्यांच्या पोट्ट्यांचे होऊन राहिले, मी देऊनच राहिलो. आता आहेराची रीत कशी असते? आज मी तुमच्या घरी देला, उद्या माह्या घरी लग्न निघालं की तुमी देसान. पण माह्या घरी लग्न निघालंच नाही ना! बाबा गेले, मंग प्रेमिलाचं लग्न करून देलं, मंग आई पलंगाले लागली... पोरी पाहाले गेलो नाही असं नाही, लय पोहे खाल्ले. काही घरी पोहे चांगले होते, काही घरी पोरगी चांगली होती, दोन्ही एका घरी कधी जमलं नाही. अन् मंग लोकंच थकले विचाराचे. तं अर्ध्या जिल्ह्यात माह्या नावाचे भांडे आहेत, अन् माह्या घरात एक गंज, एक ताट, एक कप. तो बी कोणाच्या तरी रिटायरमेंटचा.

बरं, दीप्ती मॅडमनं लिंक उघडून देली अन् पळाली. मी चष्मा लावून पाहाले बसलो. एअर फ्रायर... त्याच्यावर शिक्का, 'भेट मिळाली'. म्हणजे कोणी तरी देऊन टाकला. कॉफीचं मशीन, भेट मिळाली. चादरी, भेट मिळाली. लादी पुसणारा रोबोट... होय जी, रोबोट, आपला आपला घरभर फिरते अन् कोणाच्या पायात आला की माफी मागते... तो बी देला कोणी तरी! मामाच्या आधी! कोण लोकं आहे हे, झोपते का नाही? खाली जात जात शेवटी एकच वस्तू शिल्लक. काय? 'बालीच्या समुद्रकिनारी दोघांसाठी मेणबत्तीच्या उजेडात जेवण.' आता मले सांगा, मामानं भाचीले हे द्याचं? उद्या प्रेमिला विचारन, दादा, काय देलं गा पोरीले? तं मी काय सांगू, मेणबत्ती? मले एकट्याले खोलीत लाज वाटली, मी मोबाइल उलटा ठेवला. मामाले कोणी असं लिंक पाठवते का, तुमीच सांगा!

अन् मले द्याचा होता कूलर. हसू नका! नागपूरचा मामा कूलर नाही देणार तं काय देईन? पिवळी साडी तं मामाकडची जातेच, ती प्रेमिला अन् मी इतवारीतून घेऊन आलो होतो. पण वरतून मले कूलर द्याचा होता, असा तसा प्लास्टिकचा नाही, लोखंडी, भल्ला मोठा, वाळ्याच्या ताट्यावाला, चालू केला की शेजारचा बी गारठला पाहिजे! भूमिका लहान असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत माह्याकडे याची तवा कूलरसमोर बसून आऽऽऽ करत गाणे म्हणाची, तिचा आवाज थरथर थरथर होऊन याचा अन् ती खदखदून हसाची. मी म्हणाचो, वं पोरी, सर बाजूले, मले बी हवा येऊ दे, तं म्हणे, "मामा, तू मागं बस, माह्यातून गाळून येते." तं ते मनात होतं माह्या. आता तुमी म्हणान पुण्याले कूलर काहून? मी कुठी म्हणतो लागते म्हणून? मी देतो म्हणतो!

पण यादीत कूलर नाही! मी पूर्ण यादी वरून खाली, खालून वर पाह्यली. कूलर नाही. अन् त्या यादीत माह्याकडून काही टाकता येईना. बोट लावलं की म्हणे, 'ही यादी फक्त वधू-वर बदलू शकतात.' अरे वा रे वा, आहेर मी देणार अन् टाकणार बी नाही? मंग खाली एक हिरवं बटन दिसलं, 'नवीन यादी बनवा.' मी म्हटलं हां, हे आपलं! वधू-वराची यादी वेगळी, मामाची वेगळी! दाबलं. विचारलं नाव, टाकलं गोविंदा लांजेवार. विचारली लग्नाची तारीख, टाकली भूमिकाच्या लग्नाची. मंग विचारलं जोडीदाराचं नाव. म्हटलं घ्या, इथं बी सोडत नाही! मी ती जागा रिकामी ठेवून पुढं गेलो, तं लाल झालं. 'कृपया जोडीदाराचे नाव भरा.' अरे बाबा, असती तं भरलं नसतं का? एक रेघ मारून पाह्यली, तं म्हणे कमीत कमी तीन अक्षरं पाहिजे. म्हणजे बायको नसली तरी चालन, पण तीन अक्षराची असली पाहिजे! शेवटी मी तीन टिंब टाकले. टिंब टिंब टिंब. घेतले! गप घेतले! मी खुश!

मंग कूलर शोधला, टाकला. त्यावर ते मशीनच म्हणे, लोक हे सुद्धा घेतात... डबल बेडची चादर, दोन कपाचा सेट, जेवणाचा टेबल. म्हटलं भूमिकाले होईन, टाका! टाकत गेलो. शेवटी आलं, 'तुमच्या प्रियजनांना कळवा.' आता इथं, इथं मले ऐका! आपल्या खेड्यातल्या लग्नात आहेर कसा पुकारते? माइकवर! "गोविंदराव लांजेवार यांच्याकडून, वधूले, पितळेचा गुंऽऽऽड!" अख्ख्या मंडपाले ऐकू गेला पाहिजे, नाही तं देल्यासारखा वाटतच नाही. जेवणारा माणूस बी घास थांबवून वळून पाहते. मी म्हटलं हा तोच माइक! याच्यात मंडप नाही, माइक नाही, तं हे बटन म्हणजेच पुकारणं! अन् मामाचा आहेर काय लपवून द्याचा आहे? दाबलं. म्हणे कोणाकोणाले? म्हटलं सगळ्यांले. सगळा मोबाइल! प्लांटचा ग्रुप, सकाळी फिराले जाणाऱ्यांचा ग्रुप, लांजेवार परिवार, गॅसवाला, पिठाच्या चक्कीवाला... भूमिका बी त्याच्यातच. होऊन जाऊ दे! अन् मी समाधानानं आंघोळीले गेलो.

बाहेर आलो तं मोबाइल नाचून राहिला! सतरंजीवरून सरकत सरकत दारापर्यंत आला होता! पहिला फोन प्रेमिलाचा. रडून राहिली, हसून राहिली, मधात शिव्या देऊन राहिली. "दादाऽऽऽ! काहून गा लपवलं? मी तुही बहीण ना? त्याच दिवशी, त्याच मंडपात, मामा-भाचीचं संग संग! अरे मले विचाराचं तं होतं, मी साड्या कमी आणल्या ना!" मी म्हटलं कोणाचं लग्न? "लाजू नको आता!" अन् फोन ठेवला. मी घाईघाईनं मोबाइल उघडला, तं काय पाहतो... गुलाबी कार्ड. बदाम उडून राहिले. दोन पक्षी चोचीले चोच लावून. अन् मधात सोनेरी अक्षरात, 'गोविंदा लांजेवार आणि ... विवाहबद्ध होत आहेत!' गोविंदा आणि टिंब टिंब टिंब!

माह्या तं पायाखालची फरशी सरकली जी. मी ताबडतोब ग्रुपवर लिहिलं, 'लग्न नाही. चुकून झालं.' तं खाली हसणारे तोंड. भैय्याजीचं... भैय्याजी म्हणजे माह्यासंग प्लांटात शिफ्टले होते, आवाज असा की बॉयलर चालू असला तरी ऐकू यायचा... त्याईचा फोन आला, "चुकूनच होते गोविंदभाऊ! माहं बी चुकूनच झालं!" मी म्हटलं अहो, खरंच कोणी नाही. "मंग टिंब टिंब काहून लावले? नाव नाही लिहिलं म्हणजे कोणी तरी आहे! नसती कोणी तं टिंब कशाले लावता?" अन् इकडे बायकांचं वेगळंच सुरू. आमच्या गल्लीतल्या मीराबाई, मोठ्या कौतुकानं म्हणे, "आमच्या जमान्यात बाया नवऱ्याचं नाव नव्हत्या घेत. पण नवऱ्यानं बायकोचं नाव घ्याले लाजाचं, हे पहिल्यांदा पाह्यलं बाप्पा. किती रीत धरून वागणारा माणूस आहे!"

अन् तुमाले खरं सांगू? खोटं काहून बोलू... दिवसभर मी सगळ्यांले नाही नाही म्हणून राहिलो होतो, पण संध्याकाळपर्यंत माहा आवाज बसला होता बोलून बोलून, अन् मले आठवेना की याच्या आधी माहा आवाज कधी बसला होता. किती लोकांनी फोन केला जी! ज्याईचे मी नंबर बी विसरलो होतो! कोणी म्हणे बीपीची गोळी वेळेवर घेत जा आता, कोणी म्हणे केस काळे करू नको, असाच शोभतो. चक्कीवाला म्हणे, "काका, आता पाच किलो दळून नेत जा, किलोभर नाही पुरणार." मले लय चांगलं वाटलं. लाज बी वाटली अन् चांगलं बी वाटलं. पण सगळ्या फोनमध्ये एक फोन नव्हता. भूमिकाचा. फोन वाजला की मी पहिले नाव पाहाचो. भूमिका नाही. मंग दुसऱ्याचा उचलाचो.

तवर आहेर याले लागले. तुमी हसून राहिले, पण मी दार उघडून उघडून थकलो होतो! ज्या लोकांले मी जिंदगीभर देलं, ते सगळे मनात धरून बसले होते वाटते... हा माणूस देऊन राहिला, देऊन राहिला, आपण कधी फेडाचं? अन् ज्या दिवशी कार्ड आलं, सगळे सुटले! दोन कपाचा सेट आला. डबल बेडची चादर आली, अन् माहा तं पलंगच सिंगल आहे, ती चादर दोन्ही बाजूनं जमिनीवर लोळते. अन् कूलर! ज्याईले मोबाइल समजते त्याईनं यादीतून कूलर पाठवला. ज्याईले नाही समजत, ते दुकानात जाऊन घेऊन आले. भैय्याजी तं हातगाडीवर टाकून, स्वतः ढकलत, घामाघूम. "यादीत वाचलं म्हटलं गोविंदभाऊले कूलर पाहिजे!" एकटा माणूस अन् तीन कूलर! तिन्ही लावले तं मी उडून बाहेर पडन. मी हात जोडले, परत न्या म्हटलं, लग्न नाही हो. तं भैय्याजी म्हणे, "दिलेला आहेर परत नाही नेत जी. राहू द्या. या वेळेस नाही तं पुढच्या वेळेस कामी येईन."

पुढची वेळ!

अन् मंग आला. भूमिकाचा फोन. मी उचलला अन् काही बोलायच्या आधीच तिकडून आलं, "मामा, तुमी लग्न करून राहिले?"

तुमी! जन्मापासून ही पोट्टी मले तू म्हणते, तुमी म्हणे!  म्हटलं, अवं नाही वं... "तुमी लग्न करून राहिले अन् मले लिंक पाठवली? लिंक? चक्कीवाल्याले जशी पाठवली तशीच मले? मी तुमची कोण आहे मामा? एक फोन नव्हता करता येत? भाचीले कोणी लिंक पाठवते का?"

आता सांगा! माह्या तोंडात तेच वाक्य इतक्या दिवसांपासून तयार होतं, घासून पुसून ठेवलेलं होतं, अन् ते घेऊन गेली पोट्टी! मी म्हटलं, अन् तूनं काय केलं होतं वं? 'हाय ऑल' कोण म्हटलं होतं? मी ऑल आहे का? मी वाट पाहून राहिलो होतो की तू फोन करशील, अन् म्हणशील मामा, मले हे पाहिजे. तूनं मले रोबोट अन् मेणबत्तीच्या संग बसवून देलं...

 तिकडून हळू आवाजात म्हणे, "ते पियुषच्या अन् माह्या कॉन्टॅक्टले सरसकट गेलं होतं मामा. मले वाटलं तू कुठी पाहणार आहे त्यात. तू तं घरचा. घरच्या माणसाले काय वेगळं सांगाचं, असं वाटलं मले." तू म्हणाली. परत तू वर आली. मी खुर्चीत बसलो. मंग म्हणे, "बरं ते सोड. आता खरं सांग. टिंब टिंब कोण आहे?"

मी म्हटलं, कोणी नाही वं पोरी. ती जागा रिकामी सोडू देत नव्हते ते लोकं, म्हणून टिंब लावले.

  तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. म्हणे, "मी रागावली होती मामा, पण खुश बी झाली होती. मी पियुषले म्हटलं, आता माह्या मामाले कोणी तरी म्हणन, जेवाले या, भात थंडा होऊन राहिला."  मी म्हटलं, ठेवतो, टाकी भरून वाहून राहिली. टाकी बिकी काही नाही जी. रडू आलं होतं. पोट्टीसमोर कसं रडाचं? जाता जाता म्हणे, "मामा, मले कूलर दे. पुण्याले लागत नाही, पण दे. अन् पार्सल नको करू. तू स्वतः ये अन् लावून दे." म्हटलं, हाव. 

तं मंग मी ठरवलं, आता हे लग्न बंद कराले पाहिजे, भूमिकाच्या मंडपात लोकं माही बायको शोधत फिरन. त्या लिंकमध्ये गेलो. यादी बंद करा. तं तिथं बी दोनच बटन! 'आमचं लग्न झालं' नाही तं 'आमचं लग्न होणार नाही.' अरे, तिसरं बटन ठेवा ना, 'आमचं लग्न ठरलंच नव्हतं'! नाही ठेवलं. मंग 'होणार नाही' दाबलं. म्हणे ज्यांना कळवलं होतं त्यांना कळवायचं का? म्हटलं हाव, कळवा, सगळ्यांले कळवा, सुटलो! अन् काय गेलं माहीत आहे? करड्या रंगाचं कार्ड. वाळलेलं फूल. 'गोविंदा लांजेवार आणि ... यांनी परस्परसंमतीने हा विवाह रद्द केला आहे. या कठीण काळात कृपया त्यांना साथ द्या.'

साथ द्या म्हटल्यावर आपले लोकं थांबते का? सकाळी सकाळी भैय्याजी तर्री-पोहे बांधून हजर. तर्री सांडत सांडत आले, बसले, माह्या गुडघ्यावर हात ठेवला. "जाऊ द्या गोविंदभाऊ. तशी बी ती मले पटली नव्हती." मी म्हटलं कोण? "आता नाव नका घ्याले लावू मले." मीराबाई डब्बा घेऊन आल्या, वांग्याची भाजी अन् ज्वारीची भाकर. "वाईट नका वाटून घेऊ. एवढा चांगला माणूस सोडून गेली, पस्तावन!" मी म्हटलं, अहो, ती नव्हतीच! तं डोळ्याले पदर लावून म्हणे, "असंच म्हणाचं आता. नव्हतीच, असंच समजाचं."

अन् भूमिकाच्या लग्नात तं इचारूच नका! मी मामा, पोरीचा हात धरून मंडपात नेऊन राहिलो, पिवळी साडी नेसलेली, कशी दिसून राहिली होती म्हणून सांगू... माहे डोळे भरून आले. आता कोणत्या मामाचे नाही भरत? तं मागून आमचे नानाजी, प्रेमिलाचे चुलत सासरे, कानाले कमी ऐकू येते म्हणून मोठ्यानं बोलते, अख्ख्या पारशिवनीले ऐकू जाईन असं म्हणे, "पाहा! त्याचं बी आजच्याच तारखेले होतं ना बिचाऱ्याचं!" सगळा मंडप हळहळला. वाढणारे बी मले दोन जिलब्या जास्त टाकत होते. पियुषचे वडील, साखरपुड्यात नुसता नमस्कार झाला होता आमचा, माहा हात दाबून म्हणाले, "टाइम हील्स." अन् पियुष या वेळेस पूर्ण वाकून पाया पडला. भूमिका मात्र माह्याकडे पाहून हसून राहिली होती, तिले एकटीले माहीत होतं ना. मंग पाठवणीच्या वेळेस गळ्यात पडून एवढी रडली की माहा सदरा ओला झाला.

आता लग्न होऊन गेलं. कूलर पुण्याले जाऊन लावून आलो, चौथ्या माळ्यावर, खिडकीत बसेना, शेवटी हॉलच्या मधात ठेवला, रोबोट त्याले धडकून धडकून माफी मागते. भूमिका फोन करते अधूनमधून, बिझी असते पोट्टी, नवा संसार आहे. इकडे दोन कूलर, दोन कप, एक डबल चादर, अन् मी. भैय्याजी अजून येते. मीराबाईचा डब्बा अजून येते. चक्कीवाला दळण देताना एक मिनिट जास्त उभा राहते. मी बी आता नाही म्हणणं सोडून देलं, नाही म्हटलं की लोकं अजून जवळ सरकते अन् अजून समजावते... ती तशीच होती, तुमाले समजून घेणारी नव्हती, तिच्या नशिबात नव्हतं, विसरा तिले... रोज कोणी तरी येऊन सांगून जाते, विसरा. अन् तुमाले म्हणून सांगतो, कोणाले बोलू नका... नाव नाही, गाव नाही, तोंड कधी पाह्यलं नाही... पण इतकं समजावलं जी सगळ्यांनी, इतकं समजावलं, की आता मले बी तिची आठवण येऊन राहिली.